रेषेतील भाव : चित्रशिक्षणासंबंधी काही विचार

चित्रकलेच्या शिक्षणासंबंधी आपल्या सुशिक्षित समाजात एक समजूत इतकी रूढ झाली आहे की, ती तपासून पाहण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. चित्राची दोन अंगे असतात, एक तंत्राचे आणि दुसरे भावाचे, अशी ती समजूत आहे. प्रमाण, यथार्थदर्शन, छायाप्रकाश, रंगमिश्रण ही तंत्राची अंगे गुरूने शिकवावयाची आणि शिष्याने घोटून घ्यावयाची. भाव मात्र ईश्वरी देणगी, ती ज्याच्या पदरी असेल त्याच्या चित्रात उतरेल, इतरांनी तिची आशा धरू नये. वरवर पाहता ह्या मतात मोठा विनय दिसतो. परंतु अध्यापनाच्या दृष्टीने त्याचा परिणाम फार अनिष्ट झाला आहे. भाव शिकविता येत नाही असे एकदा ठरले, म्हणजे त्याची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही, आणि जे मोजून-मापून शिकविता येते तेवढेच शिकवून मोकळे होण्याची शिक्षकास मुभा मिळते. ही वाटणीच मुळात चुकीची आहे असे आमचे म्हणणे आहे. भाव हा तंत्राहून निराळा असा कोणी पाहुणा नसून तंत्र ज्या हेतूने वापरावयाचे तो हेतूच होय. आणि म्हणून प्रतिभा शिकविता येत नाही हे मान्य करूनही भावदर्शन पुष्कळ अंशी शिकविता येते. हे म्हणणे उदाहरणांनी पटवून देता येते की काय, ते ह्या लेखात पाहावयाचे आहे.

हा वाद मुंबई-पुण्याच्या कलाशाळांपुरता आहे असे कोणी समजू नये. नांदेडच्या शेजारी वसलेले आमचे अर्धापूर हे केळीचे आणि हळदीचे गाव. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी ह्या शिवारात फिरते, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस केळीच्या बागा उभ्या असतात. गावात केशवराजाचे प्राचीन मंदिर आहे. डोळ्यांस पाहण्यासारखे एवढे आसपास असता, येथील शाळेतल्या मुलाचा चित्रकलेशी जो परिचय होतो तो बहुधा एकाच दाराने होतो. ते दार म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या शासकीय रेखाकला परीक्षा. १९६५ साली स्थापन झालेले राज्याचे कला संचालनालय त्या घेते, आणि गावोगावची लक्षावधी मुले त्यांस बसत आली आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन असे त्यांचे विषय. ह्या परीक्षांनी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात रंगपेटी पोहोचविली, हे त्यांचे श्रेय कोणीही नाकारू नये. त्या नसत्या तर पुष्कळ शाळांत कुंचला कोणी हाती धरलाच नसता.

परंतु ह्या दाराने आत शिरलेले मूल काय घेऊन बाहेर पडते, हेही पाहिले पाहिजे. स्मरणचित्राच्या उत्तरपत्रिका चाळाव्यात; बाजार, पाणवठा, मिरवणूक, शेतातील काम असे नेहमीचे विषय आढळतील, आणि विषय कोणताही असो, पार्श्वभूमीस दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, काठावर नारळाची दोन झाडे आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पाच पक्षी असावयाचेच. ज्याच्या घरामागे केळीची बाग आहे ते मूल नारळ काढते! ज्याच्या क्षितिजावर डोंगर नाही ते डोंगर काढते. मार्गदर्शिकेतील नमुना पाठ करावा, परीक्षेच्या दालनात तो ओकून टाकावा, आणि श्रेणी मिळवावी. पुढे दहावीच्या गुणांत त्या श्रेणीचे वाढीव गुण पडतात, तेथे चित्रकलेचा व आपला संबंध संपतो. पुष्कळांच्या हातून रंगपेटी कायमची सुटते ती ह्याच वयात. स्मरणचित्र ह्या शब्दात स्मरण आहे. पण ज्याचे स्मरण करावयाचे ते पाहण्याची वेळच मुलावर आलेली नसते. ह्या चित्रांत कौशल्य नसते असे नाही. रंग स्वच्छ लावलेले असतात, कडा सांभाळलेल्या असतात. नसते ते एवढेच की, ही वस्तू मी पाहिली आणि तिने माझ्या मनाला अमुक केले, ह्याची कोठेही खूण नसते.

हा दोष आजच्या ड्रॉइंग मास्तरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याचे मूळ जुने आहे आणि ते शोधण्यासाठी मुंबईकडे वळले पाहिजे. कारण ह्या परीक्षांची परंपरा सर जमशेटजी जीजीभाईंच्या नावाने चालणाऱ्या मुंबईच्या कलाशाळेच्या छायेत वाढली. ही शाळा १८५७ साली सुरू झाली. तिच्यामागे विलायतेत साउथ केन्सिंग्टन येथे हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह ह्यांनी बसविलेली पद्धती उभी होती. त्या पद्धतीत चित्रशिक्षणाचे एकूण २३ टप्पे पाडलेले होते. प्रथम सपाट नमुन्यावरून बाह्यरेषा, मग प्लॅस्टरच्या अलंकारांवरून रेखाटन, मग छाया, मग मानवी आकृती, अशी ती शिडी. गिरण्यांच्या व कारखान्यांच्या मालास चांगले नक्षीकाम मिळावे हा तिचा उघड हेतू होता. आणि त्या हेतूला ती पद्धती अनुरूपच होती. तिने शिकविलेला हात स्थिर आणि डोळा काटेकोर असे. मात्र त्या शिडीच्या कोणत्याही पायरीवर, ही वस्तू तुला कशी वाटली, हा प्रश्न विद्यार्थ्यास विचारलेला नव्हता.

योगायोग असा की, ज्या १८५७ साली मुंबईत ही शाळा निघाली त्याच साली लंडनमध्ये जॉन रस्किन ह्यांचे रेखाटनाच्या मूलतत्त्वांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. रस्किन कामकरी लोकांच्या महाविद्यालयात रेखाटन शिकवीत असत, आणि केन्सिंग्टनची रीत त्यांना मुळीच मान्य नव्हती. ठाऊक असलेल्या वस्तूचे ठाऊक असलेले रूप न काढता, जणू आताच दृष्टी लाभली आहे अशा निर्व्याज डोळ्याने समोर दिसणारे रंगाचे डाग पाहावे, असा त्यांचा उपदेश. त्यांची साधने साधीच होती. दगड, पान, फांदी. पण दगड काढावयाचा तो त्याची गोलाई आणि खरखर बोटांना जाणवेपर्यंत. आपल्याकडे जहाजातून केन्सिंग्टनचे प्लॅस्टरचे नमुने उतरले. त्याच सालचा हा दुसरा विचार मात्र आपल्या शाळांच्या बाकांपर्यंत पोहोचला नाही.

ह्याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट आमच्या मराठवाड्यातच घडली. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि अजिंठ्याची लेणी त्याच राज्यात होती. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन तेथे जात राहिले, आणि त्यांनी भिंतींवरील चित्रांच्या प्रतिकृती कॅन्व्हासवर तैलरंगांत उतरवून घेतल्या. त्यांतील पुष्कळ प्रती पुढे विलायतेतील आगीत नष्ट झाल्या. तरी त्या परिश्रमाचे फळ १८९६-९७ साली दोन भव्य खंडांच्या रूपाने जगापुढे आले. हे काम करणाऱ्या मराठी, पारशी आणि इतर विद्यार्थ्यांना आपल्या पूर्वजांच्या चित्रांपुढे महिनेच्या महिने बसावयास मिळाले. एवढे सद्भाग्य विद्यार्थ्यांच्या वाट्यास क्वचितच येते.

सोळाव्या लेण्यातील जे चित्र 'मरणोन्मुख राजकन्या' ह्या नावाने प्रसिद्ध झाले, त्याविषयी ग्रिफिथ्स ह्यांनी दिलेला अभिप्राय चित्रकलेच्या अभ्यासकांस परिचित आहे. फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने कदाचित रेखाटन अधिक चांगले केले असते, व्हेनिसच्या चित्रकाराने रंग अधिक चांगला दिला असता; परंतु भाव मात्र दोघांपैकी कोणासही ह्याहून अधिक ओतता आला नसता, असा त्याचा आशय आहे. हा गौरव आपण आजवर अभिमानाने सांगत आलो. तो मनापासून केलेला होता यातही शंका नाही. पण त्याची घडण जरा बारकाईने पाहावी. ग्रिफिथ्स ह्यांनी रेखाटन एका बाजूस ठेवले, रंग दुसऱ्या बाजूस ठेवला, आणि भाव ही त्या दोहोंहून निराळी अशी तिसरी वस्तू मानली. म्हणजे आरंभी सांगितलेली जी वाटणी तीच येथे, भावाचा सर्वांत मोठा गौरव करणाऱ्या वाक्यातही, जशीच्या तशी उभी आहे.

आता त्या चित्राकडेच पाहू. अलीकडचे अभ्यासक ते नंदाच्या प्रव्रज्येची वार्ता ऐकून कोसळलेल्या त्याच्या पत्नीचे मानतात. ती राजकन्या असो की नंदपत्नी, आपल्या विवेचनास त्याने बाध येत नाही. त्या स्त्रीची मान कलली आहे, पापण्या अर्ध्या मिटल्या आहेत, गात्रे गळून गेली आहेत. मागून एक दासी तिला सावरीत आहे, दुसरी पंख्याने वारा घालीत आहे, भोवतालच्या चेहऱ्यांवर चिंता आहे. ह्यात भाव कोठे आहे असे विचारले तर बोट कोठे ठेवावे? मानेच्या कलण्यावर. म्हणजेच मान दाखविणाऱ्या रेषेच्या वळणावर. तीच मान ताठ काढावी, पापण्या उघडाव्या, बोटे आवळावी. वस्त्रे, अलंकार, रंग सारे जसेच्या तसे ठेवावे. शोक नाहीसा होईल. जो भाव रेषा बदलताच नाहीसा होतो, तो रेषेचाच होता. तात्पर्य, ह्या चित्रकाराने भाव ओतला असे म्हणून त्याचे रेखाटन कमी लेखणे हे अवघड आहे; त्याचे रेखाटन त्या भावासाठी जेवढे हवे तेवढे निर्दोषच आहे. फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने शरीरशास्त्राच्या दृष्टीने अधिक बिनचूक खांदा काढला असता हे खरे, पण त्या खांद्याने शोकाचे काम अधिक चांगले केले असते असे म्हणता येणार नाही.

ग्रिफिथ्स ह्यांच्या शिष्यांनी ती मान तंतोतंत उतरविली. परंतु, ही मान अशी का कलली, आणि तुझ्या घरी कोणी दुःखाने बसले असता त्याची मान कशी असते ते काढून आण, असे मुंबईस परतल्यावर त्यांना विचारण्याची अभ्यासक्रमात सोय नव्हती. तेथे पुन्हा प्लॅस्टरचे नमुने होते. भावाचा सर्वांत मोठा धडा भिंतीवर समोर असता तो नक्कल करण्याचा धडा झाला, ह्याचे कारण शिक्षकाची अरसिकता हे नव्हते. भाव शिकवावयाची वस्तू नव्हे हा सिद्धांत हेच त्याचे कारण होते.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी ही वाटणी केलेली दिसत नाही. कामसूत्रावरील आपल्या टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. ह्यात भाव शेवटी जोडलेला नाही आणि आरंभी मुकुटासारखा बसविलेलाही नाही. प्रमाण आणि सादृश्य ह्यांच्या रांगेतच तो बसला आहे, जणू तोही शिकण्याच्याच वस्तूंपैकी एक. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्राचा विचार तर ह्याहून स्पष्ट आहे. तेथे मार्कंडेय वज्र राजास सांगतात की, नृत्याचे ज्ञान नसता चित्राचे ज्ञान होणे कठीण. पुढे उत्तम चित्रकाराची जी कसोटी दिली आहे तीही लक्षात घेण्यासारखी आहे. निजलेल्या मनुष्यात चेतना आहे आणि मेलेल्यात ती नाही, हा भेद ज्यास रंगवून दाखविता येतो, लाटा, ज्वाला, धूर आणि पताका ज्यास वाऱ्याच्या गतीने काढता येतात, तो चित्रज्ञ. निजलेला आणि मेलेला ह्यांची बाह्याकृती मापात सारखीच असते. फुटपट्टीने हा भेद सापडत नाही. तो सापडतो शरीर काय करीत आहे ह्याकडे लक्ष दिल्याने. आणि लक्ष कसे द्यावे हे तर शिकविता येतेच. नृत्याचा गुरू दुसरे काय शिकवितो?

येथे कोणी आक्षेप घेईल की, आधुनिक काळात ज्यांच्या चित्रांत भावाचा जोर दिसतो ते बहुधा शाळेबाहेरचेच लोक. फ्रान्सिस न्यूटन सूझा ह्यांस १९४५ साली मुंबईच्या कलाशाळेतून काढून टाकण्यात आले; कृष्णाजी हौळाजी आरा ह्यांनी शाळेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते; पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन ह्यांचा हात सिनेमाचे मोठमोठे फलक रंगविताना तयार झाला. हे तिघेही १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह मंडळींतले. तेव्हा शाळेने शिकवू नये हेच बरे, असा निष्कर्ष कोणास काढावासा वाटेल. पण फलक रंगविणे हीसुद्धा शाळाच होती. परातीवर उभे राहून पाहावे तसे चित्राच्या अगदी जवळ उभे राहून, दूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यास एका दृष्टिक्षेपात क्रोध की प्रेम ते कळले पाहिजे, अशा बेताने रेषा ओढावयाची, ही भावदर्शनाची केवढी कडक तालीम! हुसेन ह्यांच्या रेषेतील धावता जोर आणि ही तालीम ह्यांचा संबंध नाही असे कोण म्हणेल? शिवाय मुंबईच्या शाळेचा इतिहासही एकरंगी नाही. ग्लॅडस्टन सॉलोमन ह्यांनी १९१९ साली तेथे जिवंत नमुन्यावरून रेखाटन सुरू केले. १९३७ साली आलेल्या चार्ल्स जेरार्ड ह्यांनी नव्या युरोपीय विचारांस दार उघडले. आणि शंकर पळशीकर ह्यांच्यासारखा शिक्षक, जो पुढे त्याच संस्थेचा अधिष्ठाता झाला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या चित्रकारांनी गुरू म्हणून आठवावा असा त्याच वर्गांतून निपजला. शाळेने शिकवू नये असा निष्कर्ष ह्यातून निघत नाही. शाळेने काय विचारावे, एवढाच प्रश्न उरतो.

ह्या प्रश्नाचे एक अगदी निराळे उत्तर महाराष्ट्रातच, वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे दिले गेले. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर आखल्या गेलेल्या बुनियादी शिक्षणाच्या अभ्यासक्रमात सूतकताई आणि शेती ह्यांच्या जोडीने चित्रकलेसही स्थान होते. शांतिनिकेतनात नंदलाल बोस ह्यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली सेवाग्रामास आले आणि १९६२ पर्यंत त्यांनी तेथील मुलांस चित्रे काढू दिली. 'काढू दिली' हा शब्द येथे मुद्दाम योजिला आहे. आपल्या अनुभवावर त्यांनी 'बच्चों की कला और शिक्षा' हे पुस्तक हिंदीत लिहिले. मुलाच्या चित्रात प्रौढाने आपला हात घालू नये, मुलापुढे नमुना ठेवू नये, चित्रांत स्पर्धा लावू नये, मुलाची वाढ हेच फळ मानावे, असा त्याचा रोख आहे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक ह्यांनी १८९७ साली मुलांचा जो कलावर्ग सुरू केला तेथून निघालेला हा प्रवाह होय. सेवाग्रामात त्याला ह्या मातीचा रंग चढला.

ह्या पुस्तकाचे मोल फार मोठे आहे, आणि आपल्या प्रत्येक अध्यापक विद्यालयात ते वाचले जावे असे आम्हांस वाटते. परंतु त्याचा जो अर्थ नंतरच्या काळात पुष्कळ ठिकाणी केला गेला तो घातक आहे. नमुना देऊ नये म्हणजे काहीच देऊ नये, असा तो अर्थ. कागद आणि रंग मुलांपुढे टाकावे, मनाला येईल ते काढा म्हणावे, आणि शिक्षकाने वहीत हजेरी भरीत बसावे! ह्या रीतीने मनाला जे येते ते बहुधा तेच असते. दोन डोंगर, सूर्य आणि नारळ. कारण मन रिकामे नसते; मार्गदर्शिकेने, भिंतीवरच्या कॅलेंडराने आणि आता हातातल्या मोबाइलने ते आधीच भरून ठेवलेले असते. केन्सिंग्टनने भाव शिकविण्याजोगा नाही म्हणून सोडला, आणि स्वैर अभिव्यक्तीच्या भक्तांनी तो शिकविण्याची गरज नाही म्हणून सोडला. सोडण्यात दोघांचे एकमत झाले. सेवाग्रामची मुले भाग्यवान अशी की, त्यांच्या हाताला सूत, माती आणि कुदळ ह्यांची रोजची ओळख होती. त्यांचे पाहणे कामातून आलेले होते. ती ओळख काढून घेऊन उरलेले स्वातंत्र्य तेवढे आपण उचलले तर पदरी काय पडणार?

मग शिकवावे कसे? ह्या बाबतीत तत्त्वापेक्षा उदाहरण बरे, आणि उदाहरणासाठी अर्धापूर सोडण्याचे कारण नाही. केळीचे एक पान घ्या. केन्सिंग्टनचा शिक्षक म्हणेल, मधली शीर काढ, मग दोन्ही बाजूंची कड समान काढ. स्वैर पंथाचा शिक्षक म्हणेल, तुला वाटेल तसे काढ. तिसरा शिक्षक मुलास बागेच्या कडेला बसवून विचारील, हे पान काय करीत आहे? कोवळे पान गुंडाळीतून वर सुटत असते. जून पान आपल्याच भाराने दांड्याशी मोडून खाली लोंबत असते. वाऱ्याने त्याच्या चिंध्या झालेल्या असतात आणि प्रत्येक चिंधी निराळी हलत असते. सुटणे, लोंबणे, फाटणे ह्या तीन क्रिया तीन निराळ्या रेषा मागतात. सुटणारी रेषा मुळाशी दाबून काढून टोकास हलकी सोडावी लागते. लोंबणारी रेषा संथ, जड हाताने खाली ओढावी लागते. फाटलेली कड तुटक, थबकत काढावी लागते. पेन्सिलीवरचा दाब, हाताचा वेग, मनगटाने ओढावे की खांद्याने, हे सारे शुद्ध तंत्र आहे. आणि ते ज्या क्षणी पानाच्या क्रियेशी जुळते त्या क्षणी तोच भाव आहे. ह्यात शिकविता न येण्यासारखे काय आहे?

न्यूयॉर्क येथे शिकविणारे किमॉन निकोलाइडिस ह्यांचे रेखाटनावरील जे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ साली प्रसिद्ध झाले, त्यात नेमक्या ह्या दोन सवयी अभ्यासाच्या पायाशी ठेवल्या आहेत. एक, कागदाकडे न पाहता वस्तूच्या कडेवरून दृष्टी फिरवावी, आणि पेन्सिलीचे टोक जणू त्या कडेलाच स्पर्श करीत आहे अशा श्रद्धेने तितक्याच संथपणे हात चालवावा. दुसरी ह्याच्या उलट; थोड्या क्षणांत, कड सोडून देऊन, समोरची आकृती करते काय एवढेच भरभर ओढून घ्यावे. पहिलीने स्पर्श येतो, दुसरीने गती येते. चित्रसूत्रातील नृत्याचा आग्रह आणि ही दुसरी सवय ह्यांत कालाचे केवढे अंतर, पण विचाराचे किती थोडे! ह्या दोहोंस पेन्सिल आणि जुन्या वर्तमानपत्राचा कागद ह्यांहून अधिक साहित्य लागत नाही. चुलीतला कोळसाही चालतो, किंबहुना खोडरबराच्या मोहातून मुलास सोडविण्यास तो पेन्सिलीपेक्षा बरा.

रंगाचेही तसेच. हळद शिजवून अंगणात वाळत घातली, म्हणजे ती सर्वत्र एकसारखी पिवळी नसते. ओल्या हळकुंडाची पिवळसर झाक निराळी, वाळलेल्याची मातकट निराळी, आणि दुपारच्या उन्हात त्या राशीशेजारच्या सावलीत जांभळट छटा दिसते. बाटलीतील पिवळा रंग सर्वत्र सारखा पसरण्याची स्वच्छता ही चांगली सवय आहे. पण त्या स्वच्छतेलाच जर श्रेणी मिळत असेल तर जांभळट सावली पाहणारे मूल तोट्यात जाते, आणि पाहण्याची सवय हळूहळू सोडते. ओल्या कागदावर रंग सोडून तो आपोआप पसरू देणे, कोरड्या कुंचल्याने खरखरीत ओढणे, एका रंगावर दुसरा पातळ हात देणे, ह्या क्रिया मुलास नुसत्या युक्त्या म्हणून शिकवू नयेत. पहाटेच्या धुक्यास कोणती योग्य आणि भेगाळलेल्या जमिनीस कोणती योग्य, हे त्याला निवडू द्यावे, आणि का निवडली ते विचारावे. निवडीचे कारण सांगता येणे हीच भावदर्शनाची पहिली यत्ता होय.

ह्यावर दोन शंका सहज येतील. पहिली अशी की, भावास गुण कसे द्यावयाचे? परीक्षकापुढे गठ्ठेच्या गठ्ठे असतात; रेषा सरळ की वाकडी हे त्यास क्षणात दिसते, भावाचे माप कोठून आणावे? शंका खरी आहे. परंतु निबंधाच्या उत्तरपत्रिकांतही पाठांतर कोणते आणि मुलाचे स्वतःचे कोणते हे अनुभवी परीक्षक ओळखतोच. आणि हजार चित्रांत हजार वेळा आलेला नारळ ओळखण्यास तर विशेष रसिकताही लागत नाही. नमुना घोकून काढलेल्या स्मरणचित्रास वरची श्रेणी मिळणार नाही एवढाच नियम कसोशीने पाळला गेला, तरी मार्गदर्शिकांचा बाजार आपोआप बसेल. दुसरी शंका अशी की, असे केल्याने पाया कच्चा राहील. उलट पाया पक्का होईल. लोटा काढताना त्याचे तोंड लंबगोल दिसते हा नियम मुलास दहादा सांगावा लागतो. पण लोट्यात वाकून पाहणाऱ्या तहानलेल्याच्या डोळ्याने तो काढ म्हटले, तर लंबगोल किती उघडतो आणि किती मिटतो ह्याकडे ते आपण होऊन लक्ष देते. नियम हवेच आहेत. ते गरजेच्या क्षणी शिकविले की हाडात भिनतात.

आम्हांस येथे नवीन अभ्यासक्रम सुचवावयाचा नाही. विषयपत्रिका आहे तीच राहिली तरी चालेल. वस्तुचित्रात तांब्या असो, स्मरणचित्रात बाजार असो. बदलावयाचा तो शिक्षकाचा प्रश्न. 'हे कसे दिसते?' ह्या प्रश्नापाशी केन्सिंग्टन थांबले. 'तुला काय वाटते?' ह्या प्रश्नापाशी स्वैर पंथ थांबला. 'हे काय करीत आहे, आणि ते दाखविण्यास तुझा हात काय करील?' असा प्रश्न घेऊन शिक्षक वर्गात उभा राहिला, तर तंत्र आणि भाव ह्यांची जुनी वाटणी मुलाच्या हातून आपोआप मोडेल. ज्या जिल्ह्यात चित्रांचे संग्रहालय हाताशी नाही, जेथे बहुतेक मुलांच्या आयुष्यात चित्रकलेचे एवढे एकच दार उघडते, तेथे ह्या प्रश्नाची निकड शहराहून अधिक आहे. कारण शहरातल्या मुलास पुढे दुसरे दार सापडेल, येथल्यास सापडेलच असे नाही. अर्धापूरची सगळी मुले चित्रकार होणार नाहीत, व्हावयासही नकोत. पण आपल्या बागेतले पान फाटते कसे हे ज्याने एकदा हाताने अनुभवले, त्यास अजिंठ्याच्या भिंतीपुढे उभे केले असता ती मान कलली का, हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही.